काका बॅप्टिस्टा : घोषणेच्या श्रेयापलीकडे

१/
बेळगाव, २८ एप्रिल १९१६. मुंबई प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या राष्ट्रीय पक्षाच्या मंडळींनी होमरूल लीग स्थापन केली. संस्थेचे प्राण लोकमान्य टिळक होते, पण त्यांनी स्वतःकडे कोणतेही पद घेतले नाही. चिटणीस झाले न. चिं. केळकर. अध्यक्ष म्हणून निवड झाली ती माझगावच्या एका कॅथलिक बॅरिस्टरची. त्यांचे नाव जोसेफ बॅप्टिस्टा. मराठी माणूस त्यांना ‘काका बॅप्टिस्टा’ म्हणत असे.

२/
हे नाव समाजमाध्यमांवर वर्षातून एक-दोनदा उगवते, बहुधा १ ऑगस्टच्या, म्हणजे टिळक पुण्यतिथीच्या आसपास. कारण ठरलेले असते. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे वाक्य मुळात टिळकांचे नव्हते, बॅप्टिस्टांचे होते, असे कुणीतरी लिहितो. दुसरा कुणी संतापतो. तिसरा दोघांना शिव्या घालतो. रात्रीपर्यंत वाद विझतो आणि बॅप्टिस्टा पुन्हा पुढच्या वर्षापर्यंत अडगळीत जातात. या वादात दोन्ही बाजू एकाच चुकीत सहभागी आहेत. सहासष्ट वर्षे जगलेल्या आणि तीस वर्षे सार्वजनिक जीवनात खपलेल्या माणसाला त्या एका वाक्याच्या मापाने मोजण्याची ही चूक आहे.

३/
आधी त्या वाक्याचे पाहू, म्हणजे पुढचे बोलता येईल. बॅप्टिस्टांनी टिळकांना ही शब्दरचना सुचवली, हा दावा उत्तरकालीन लेखनात वारंवार आढळतो. तो अशक्य मुळीच नाही. दोन स्नेह्यांमध्ये बोलता बोलता सुचलेल्या शब्दाची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. पण घोषणा जन्माला येते ती सभेत. १९१६-१७ च्या काळात गावोगाव ते वाक्य पोहोचले ते टिळकांच्या तोंडून, आणि त्याच्या मागे मंडालेची सहा वर्षे उभी होती. शब्द कोणाचा आणि वजन कोणाचे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

४/
वाक्याची घडण मात्र मोठी बोलकी आहे. ‘स्वराज्य’ हा शब्द मराठीला जुना. १७१९ च्या सनदांत चौथाई आणि सरदेशमुखीच्या शेजारी तो बसलेला दिसतो. १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात दादाभाई नौरोजींनी अध्यक्षपदावरून त्याचा उच्चार केला होता. ‘जन्मसिद्ध हक्क’ ही कल्पना मात्र इंग्रजांच्या राजकीय परिभाषेतली आहे. जुन्या मराठी दप्तराचा शब्द आणि इंग्लंडमधल्या राज्यशास्त्राचा शब्द येथे एका वाक्यात शेजारी नांदतात. श्रेय कोणालाही द्या, टिळक आणि बॅप्टिस्टा यांच्या सहवासाचे याहून नेमके प्रतीक सापडणार नाही. यापलीकडे या वादातून निष्पन्न होण्यासारखे काही नाही.

५/
आता माणसाकडे वळू. जन्म १७ मार्च १८६४, माझगावच्या म्हातारपाखाडीत. घराण्याचे मूळ उत्तनचे, म्हणजे भाईंदरच्या पलीकडील समुद्रकाठच्या गावचे. समाज ‘ईस्ट इंडियन’. हे नाव ऐकून अनेकांचा गोंधळ होतो. हे लोक पूर्व भारतातले नव्हेत. साष्टी, वसई आणि मुंबई बेटांवरचे हे मूळचे रहिवासी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले. आडनावे पोर्तुगीज आली, पण घरातली बोली मराठीच राहिली.

६/
मग ‘ईस्ट इंडियन’ हे नाव कोठून आले? १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, समाजातल्या पुढाऱ्यांनी ते जाणीवपूर्वक घेतले. मुंबईत नोकरीसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती मंडळी येत होती. त्यांच्यापेक्षा आपण वेगळे, आपण ईस्ट इंडिया कंपनीचे पहिल्यापासूनचे सेवक, हे सरकारच्या मनावर ठसवण्याचा तो उपाय होता. एका समाजाने आपल्या नावातच राजनिष्ठा कोरून घेतली. हा तपशील ध्यानात ठेवावा. कारण त्याच समाजातला, त्या वेळी तेवीस वर्षांचा असलेला एक तरुण पुढे साम्राज्याकडे स्वराज्य मागणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष होणार होता.

७/
‘ख्रिस्ती असूनही राष्ट्रवादी’ असे बॅप्टिस्टांचे वर्णन काही लेखांत सापडते. त्यातले ‘असूनही’ हे अव्यय अपमानास्पद आहे आणि इतिहास म्हणूनही ढिसाळ आहे. १८८९ च्या मुंबई अधिवेशनात जी मोजकी स्त्री प्रतिनिधी मंडळी बसली होती, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. बंगालमध्ये कालीचरण बॅनर्जी काँग्रेसच्या आरंभीच्या वर्षांत अग्रभागी होते. बॅप्टिस्टांसमोरची अडचण धर्माची कमी आणि सामाजिक हितसंबंधांची अधिक होती. त्यांच्या समाजातील शिकलेल्या वर्गाची भाकरी सरकारी कचेऱ्यांत भाजली जात होती. अशा घरातला मुलगा राजद्रोहाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा त्याची किंमत घराला कळते.

८/
शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, नंतर वनखात्यात नोकरी. ही वाट सुखाची होती. ती सोडून ते केंब्रिजला गेले, राज्यशास्त्र शिकले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि एकोणिसावे शतक संपता संपता मुंबईस परतले. पुढे त्यांनी सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापनही केले.

९/
इंग्लंडमधल्या त्या वर्षांत तेथील राजकारणात आयर्लंडचा प्रश्न धगधगत होता. ग्लॅडस्टन यांची आयर्लंडसाठीची दोन होमरूल विधेयके, १८८६ चे आणि १८९३ चे, फसली होती. पहिले कॉमन्स सभेत पडले, दुसरे लॉर्ड्सनी पाडले. साम्राज्याच्या पोटातला एक देश स्वतःच्या संसदेची मागणी करतो, ती कायद्याच्या मसुद्यात मांडतो, हरतो आणि पुन्हा मांडतो, हे बॅप्टिस्टांनी जवळून पाहिले. अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाहून ही वेगळी रीत होती आणि बाँबच्या राजकारणाहूनही वेगळी. त्यांच्या पुढच्या साऱ्या राजकारणाचा साचा येथे आहे.

१०/
१९०१ च्या सुमारास टिळकांशी परिचय झाला आणि तो टिळकांच्या अखेरपर्यंत टिकला. त्याच वर्षी ते मुंबई महापालिकेत गेले आणि पुढे सतरा वर्षे तेथे होते. पालिकेचे काम म्हणजे गटारे, पाणी, प्लेगनंतरची घरे, कर आणि ठेके. या सतरा वर्षांकडे चरित्रकार सहसा फिरकत नाहीत, कारण त्यात नाट्य नाही. वास्तविक राज्यकारभार म्हणजे काय, याचे प्रत्यक्ष शिक्षण त्या पिढीतल्या फार थोड्या राष्ट्रीय नेत्यांना मिळाले होते.

११/
नाट्य होते ते न्यायालयात. २४ जून १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीनांनी केला, तो फेटाळला गेला. सरकारने खास ज्यूरीची मागणी केली. तिला टिळकांच्या बाजूने विरोध केला तो बॅप्टिस्टांनी. हा मुद्दा कोरडा, तांत्रिक वाटेल, पण साऱ्या खटल्याची नाडी त्यात होती. आक्षेपार्ह ठरवलेले ‘केसरी’तील लेख मराठीत होते. खास ज्यूरी म्हणजे बहुसंख्य युरोपीय सभासद. म्हणजे ज्या भाषेतल्या शब्दांवर माणसाला हद्दपार करायचे, ती भाषाच न्याय करणाऱ्यांना अवगत नसणार.

१२/
न्यायमूर्ती दावर यांनी खास ज्यूरी मंजूर केली. तीत सात युरोपीय आणि दोन पारशी बसले. टिळकांनी स्वतः बचावाचे भाषण केले, ते एकवीस तासांहून अधिक चालले, आणि त्यातला बराच भाग भाषांतरांच्या चुका दाखवण्यात गेला. २२ जुलैला निकाल लागला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी. बाहेर गिरण्यांतल्या कामगारांनी संप पुकारला, शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे एक दिवस, असा सहा दिवसांचा. आतल्या पराभवात बॅप्टिस्टा सहभागी होते. बाहेरचे दृश्यही त्यांच्या शहराचेच होते. दहा-बारा वर्षांनी याच कामगारवर्गाच्या अखिल भारतीय संघटनेत ते उभे असलेले दिसतात, तेव्हा १९०८ चा जुलै आठवल्याशिवाय राहत नाही.

१३/
दोन वर्षांनी नाशिकचा खटला आला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला होता. मार्सेलिसचे प्रकरण घडल्यानंतर वि. दा. सावरकर मुंबईत आणले गेले आणि १९१० च्या सप्टेंबरात खास न्यायासनापुढे सुनावणी सुरू झाली. न्यायासन तीन न्यायाधीशांचे, ज्यूरी नाही, अपील नाही. बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते.

१४/
येथे थोडे थांबावे लागते. सशस्त्र क्रांतीचा मार्ग बॅप्टिस्टांचा नव्हता. कायदेशीर चळवळीवर त्यांची श्रद्धा होती आणि ती अखेरपर्यंत ढळली नाही. तरीही ज्यांच्या मार्गाशी मतभेद आहेत, त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहण्यात त्यांना संकोच वाटला नाही. आजच्या वादांत बॅप्टिस्टांना कधी टिळकभक्त म्हणून, कधी सावरकरांचे वकील म्हणून, कधी ‘अल्पसंख्याक देशभक्त’ म्हणून आपापल्या तंबूत ओढले जाते. वकिलीच्या धर्माला पक्षाचे लेबल लावले की असे होते. आरोपीला बचाव मिळालाच पाहिजे, हीच कायद्याच्या राज्याची पहिली अट आहे, आणि स्वराज्य म्हणजे बॅप्टिस्टांच्या लेखी कायद्याचेच राज्य होते.

१५/
१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले. दोन वर्षांत बेळगाव. त्या तारखेत एक विलक्षण योग दडलेला आहे. २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. २८ एप्रिलला बेळगावात ‘होमरूल’ हे आयरिश नाव धारण करणारी संस्था जन्मली, तेव्हा डब्लिनच्या रस्त्यांवर गोळीबार अजून चालू होता. दुसऱ्या दिवशी उठाववाले शरण आले. होमरूलची वाट पाहून आयरिश तरुण थकले, नेमक्या त्याच आठवड्यात भारताने तो शब्द उचलला. पुढे आयर्लंडमध्ये होमरूलवादी पक्ष १९१८ च्या निवडणुकीत जवळजवळ पुसला गेला. बॅप्टिस्टांच्या राजकारणाचे भारतात काय झाले, ते पुढे येतेच.

१६/
टिळकांच्या लीगचे क्षेत्र ठरलेले होते : मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड. ॲनी बेझंट यांची लीग १९१६ च्या सप्टेंबरात निघाली. मुंबई शहर आणि उरलेला देश तिच्याकडे. म्हणजे माझगावचा रहिवासी असलेला अध्यक्ष अशा संस्थेचा होता, जिच्या कक्षेत त्याचे स्वतःचे शहरच नव्हते! १९१७ च्या एप्रिलपर्यंत लीगचे चौदा हजार सभासद झाले. व्याख्याने, मराठी पत्रके, गावोगावच्या सभा, असा तो व्याप होता.

१७/
अध्यक्षपद बॅप्टिस्टांना मिळाले ते शोभेसाठी, असे कोणी म्हणेल. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. होमरूल म्हणजे ब्राह्मणांचे राज्य, असा आक्षेप त्या काळी महाराष्ट्रातच जोराने घेतला जात होता. शाहू महाराज आणि ब्राह्मणेतर चळवळ यांनी होमरूलला विरोध केला, आणि त्या विरोधाला सामाजिक कारणे होती. अशा वेळी पुण्याच्या मंडळींनी ख्रिस्ती अध्यक्ष पुढे केला, यात राजकीय हिशेब मुळीच नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. ब्राह्मणेतरांच्या शंकेचे उत्तर एका ख्रिस्ती अध्यक्षाने मिळण्यासारखे नव्हते, हेही मान्य करावे.

१८/
परंतु नुसत्या शोभेच्या माणसाला कोणी खासगी सल्लामसलतीत घेत नाही. १९०१ पासूनचा स्नेह, १९०८ चे न्यायालय, १९१० चे न्यायालय, एवढी पुंजी बेळगावच्या आधीच जमा होती. आणि ‘काका’ ही पदवी पाहा. मराठीत हा शब्द वडिलांच्या भावासाठी आहे, घरातला आहे. परक्या माणसाला ‘साहेब’ म्हणतात, ‘बॅरिस्टर’ म्हणतात. पोर्तुगीज आडनावाच्या मागे सहज ‘काका’ लागला, ही गोष्ट जाहीर ठरावांपेक्षा अधिक सांगते.

१९/
१९१७ साली बॅप्टिस्टा होमरूलच्या प्रचारासाठी इंग्लंडला गेले. त्यांनी ओळखीपाळखी वाढवल्या त्या प्रामुख्याने मजूर पक्षात. हा पक्ष त्या वेळी युद्धकालीन संयुक्त सरकारात केवळ दुय्यम भागीदार होता. उदारमतवादी पक्षाच्या दारात उभे राहण्याची जुनी नेमस्त सवय सोडून, उद्याच्या पक्षाशी नाते जोडण्याची ही चाल होती. पुढच्या वर्षी टिळकांचे शिष्टमंडळ इंग्लंडला निघाले तेव्हा सरकारने पारपत्रे रद्द केली आणि कोलंबोहून त्यांना परत फिरावे लागले. टिळक इंग्लंडला पोहोचले ते नंतर, चिरोल खटल्याच्या निमित्ताने. मजूर पक्षाशी टिळकांचा जो संबंध जुळला, त्याची पायवाट बॅप्टिस्टांनी आधीच पाडून ठेवली होती.

२०/
आता त्यांच्या कामातल्या सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत टिकाऊ भागाकडे येऊ. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे, म्हणजे आयटकचे, पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपतराय, उपाध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा. तात्कालिक कारण असे होते की १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेपासून भारतीय कामगारांचा प्रतिनिधी सरकार नेमत होते. त्याला नाव सुचवणारी देशव्यापी संघटनाच अस्तित्वात नव्हती. प्रतिनिधी आपला हवा तर संस्था आपली हवी. बेळगावच्या तर्कापासून हा तर्क दूर नाही.

२१/
दुसरे अधिवेशन १९२१ च्या अखेरीस झरियाला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झाले. अध्यक्ष स्वतः बॅप्टिस्टा. खाणमालकांनी ते होऊ नये म्हणून सरकारकडे धाव घेतली होती. तरीही हजारो खाणकामगार आले. या अधिवेशनात स्वराज्याचा ठराव झाला. माझगावचा, केंब्रिजमध्ये शिकलेला बॅरिस्टर कोळशाच्या धुळीत उभा राहून कामगारांच्या संघटनेच्या वतीने स्वराज्य मागतो, हे चित्र शालेय पुस्तकांत का नसावे? १९२४ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणूनही तेच गेले.

२२/
त्यांच्या मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. ते कामगार नव्हते. चाळीत राहणारे, पाळी संपवून सभेला येणारे नेतृत्व पुढे आले तेव्हा त्यांच्या धर्तीचे पुढारी मागे पडले. त्यांची वृत्ती तडजोडीची, वाटाघाटींची, कायदा करून घेण्याची. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा मुंबईत रोवला गेला. १९२९ मध्ये नागपूरला आयटकच फुटली. नेमस्त आणि साम्यवादी यांच्या त्या झटापटीत १९२० च्या उपाध्यक्षाची आठवण ठेवण्यास दोघांनाही सवड नव्हती. डाव्यांच्या इतिहासात ते पूर्वपीठिकेच्या एका ओळीत येतात आणि राष्ट्रवाद्यांच्या इतिहासात टिळकांच्या तळटीपेत.

२३/
विस्मरणाचे दुसरे कारण १९२० मध्येच आहे. १९१९ च्या डिसेंबरात अमृतसरला टिळकांनी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांबाबत ‘प्रतियोगी सहकारिता’ हे धोरण मांडले. सरकार जेवढे देईल तेवढ्या प्रमाणात सहकार्य, अडवील तेथे विरोध, असा त्याचा अर्थ. मूळ इंग्रजी शब्दप्रयोगाचे जनकत्व बॅप्टिस्टांकडे दिले जाते. गंमत अशी की या श्रेयासाठी समाजमाध्यमांवर कधीच भांडण होत नाही. ‘जन्मसिद्ध हक्क’ जिंकला, म्हणून त्याचे दोन-दोन पालक. ‘प्रतियोगी सहकारिता’ हरली, तिला कोणी विचारत नाही.

२४/
१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले. सप्टेंबरात कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनाने गांधींचा असहकार स्वीकारला. कौन्सिले सोडा, न्यायालये सोडा, सरकारी विद्यालये सोडा. बॅप्टिस्टांचे सारे आयुष्य न्यायालयात, पालिकेत, कायद्याच्या वर्गात गेले होते. ज्या संस्थांमध्ये शिरून त्या वाकवायच्या, असे ते मानत आले, त्याच संस्था सोडण्याचा हा आदेश होता. इतर अनेक टिळकपंथीयांप्रमाणे त्यांना तो पटला नाही. यात त्यांची दूरदृष्टी कमी पडली, असे म्हणता येईल. जनतेला रस्त्यावर आणण्याची असहकारात जी ताकद होती, ती घटनात्मक मार्गात नव्हती. बेळगावच्या लीगने चौदा हजार माणसे जमवली. गांधींच्या चळवळीत लाखो उतरले.

२५/
पण प्रश्न येथे संपत नाही. १९३५ चा कायदा, १९३७ ची प्रांतिक मंत्रिमंडळे, आणि शेवटी संविधान सभा, या सगळ्यांत लागले ते कौशल्य मसुदे लिहिणाऱ्यांचे, वाटाघाटी करणाऱ्यांचे, पालिका आणि कौन्सिले चालवून पाहिलेल्यांचे होते. तुरुंगाचा इतिहास आपण पाठ केला, तो योग्यच. कचेरीतला, समितीतला, खटल्यातला इतिहास आपण कंटाळवाणा ठरवून टाकला. बॅप्टिस्टा त्या दुसऱ्या इतिहासाचे आहेत. म्हणून त्यांना पहिल्या इतिहासात जागा मिळवून द्यायची तर घोषणेचे श्रेय शोधावे लागते, कारण एरवी त्यांच्या खात्यात मिरवण्याजोगे दृश्य नाही, अशी आपली समजूत.

२६/
जाता जाता एक तुलना. १९२४ साली वायकोमच्या सत्याग्रहात केरळचे ख्रिस्ती पुढारी जॉर्ज जोसेफ उतरले, तेव्हा गांधींनी त्यांना हे काम हिंदूंनाच करू द्यावे असा सल्ला दिला. त्यामागे गांधींची स्वतःची भूमिका होती : अस्पृश्यता हे हिंदूंचे पाप, प्रायश्चित्त त्यांनीच घ्यावे. मात्र त्या क्षणी जोसेफ यांची ओळख राजकीय कार्यकर्ता ही न राहता प्रथम ख्रिस्ती ही झाली. बॅप्टिस्टांच्या वाट्याला बेळगावात किंवा झरियात हा प्रसंग आला नाही. त्यांनी निवडलेले प्रश्न, म्हणजे राज्यघटना, मजुरी, पालिका, हे असे होते की त्यांवर बोलण्यासाठी कोणाचा धर्म विचारण्याचे कारण नव्हते. हे योगायोगाने घडले की विचारपूर्वक, यावर वाद घालण्यास जागा आहे. घोषणेपेक्षा हा वाद कितीतरी फलदायी ठरेल.

२७/
१९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. अनेक ठिकाणी त्यांचा उल्लेख ‘महापौर’ असा येतो. पद तेच, पण ‘महापौर’ ही अधिकृत पदवी १९३१ पासूनची. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते वारले. देश त्या वेळी सविनय कायदेभंगाच्या ऐन भरात होता, मिठाच्या सत्याग्रहाला जेमतेम पाच-सहा महिने झाले होते. होमरूलच्या पहिल्या अध्यक्षाच्या मृत्यूकडे वळून पाहण्याचा तो काळ नव्हता. शिवडीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत त्यांची कबर आहे.

२८/
आणि माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकाजवळच्या भंडारवाडा टेकडीवर, त्यांच्या नावाची बाग आहे. तेथून गोदी दिसते, बंदराकडचे पाणी दिसते. म्हातारपाखाडीची उरलीसुरली लाकडी घरे फार दूर नाहीत. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायाखाली पालिकेचा जलाशय आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेला, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा. सतरा वर्षे पालिकेत गटारांचे आणि पाण्याचे ठराव करणाऱ्या माणसाचे नाव त्याच्या माथ्यावर लावलेले आहे.